बिनचिठ्ठीचे मोजे

चि. सौ. धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद. मागच्या पत्रातले अजून संपले नसतील तर हे बाजूला काढून ठेव, लागतील. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, हे तू लिहिलं नाहीस आणि खरं तर तेच कळायला हवं होतं. चढताना कुरकुरणारा गुडघा आळशी असतो, उतरताना कुरकुरणारा म्हातारा. मेहुण्यांचा खोकला गेला का? गेला नसेल तर त्यांना म्हणावं, खोकला राहू द्या, बोलणं तेवढं आवरा, म्हणजे माझ्या बहिणीला एका वेळी एकच आवाज ऐकावा लागेल. इकडे सगळे खुशाल. माझी तब्येत इतकी चांगली आहे की कुणी विचारतसुद्धा नाही.

पत्र नेहमीप्रमाणे सूनबाई लिहिते आहे. अक्षर तिचं, बोलणं माझं. (मधेमधे ती माझं वाक्य नीटनेटकं करते असा मला दाट संशय आहे. मी दम लागेपर्यंत बोलते आणि हिचं पेन अर्ध्या ओळीत थांबतं. मला वाचता येत नाही, पण ओळ लांब की आखूड एवढं दिसतं, हे तिनं ध्यानात ठेवावं. हेही लिही गं. लिहिलंस? दाखव.)

तर बातमी अशी की मी शाळेत जाऊन आले. हसू नकोस. तू निदान शाळेत जाऊन एक पाटी तरी फोडलीस, मी जन्मात तो उंबरा ओलांडला नव्हता. आणि या वयात ओलांडला तो थेट शिकवायला. नातीच्या शाळेत अशी रीत आहे की अधूनमधून एखाद्या मुलाच्या आईनं नाहीतर बापानं वर्गात यायचं आणि मुलांकडून हातानं काहीतरी करून घ्यायचं. या खेपेला पाळी आमच्या घराची होती आणि मोज्यांच्या बाहुल्या करायच्या होत्या. म्हणजे प्रत्येकानं घरून एक जुना मोजा आणायचा, त्याला डोळे, केस, कान लावायचे, आत हात घातला की त्याचं तोंड उघडतं आणि मिटतं. सूनबाईनं सगळी तयारी केली होती. पण ती ज्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे कामाला आहे तिथली दुसरी मदतनीस ऐनवेळी आजारी पडली आणि लोकांचे दात काही पुढच्या आठवड्यापर्यंत दुखायचे थांबत नाहीत. मग राहिला माझा मुलगा. त्याला तू ओळखतेसच. त्यानं एकदा खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली आणि शेवटी आम्ही त्याची बाही कापून त्याला सोडवला. तेव्हा मी म्हटलं, मी जाते. म्हटलं आणि मग घाबरले.

घाबरण्याचं कारण मुंगी. (तिचं शाळेतलं नाव छान आहे, पण एवढीशी असल्यापासून ती घरात मुंगीच.) या नव्या गावात आल्यापासून ही पोर वर्गात तोंडातून शब्द काढत नाही. घरी आली की पाण्याचा पेला हातात घेतल्यापासून डोळे मिटेपर्यंत माझ्या कानाशी अखंड चालू असते. उंबऱ्यापलीकडे मात्र कुलूप. बाईंनी काही विचारलं तर मान हलवते. डबा एकटी खाते. मुलं काही वाईट नाहीत गं, तिला कुणी चिडवत नाही की ढकलत नाही. त्यांना ती दिसतच नाही. तिनंच मला सांगितलं, ‘आज ऊन आहे’ म्हणावं तितक्या सहज, “आजी, मी वर्गात भिंतीसारखी आहे. सगळे माझ्याकडे पाठ करून बसतात.”

शाळेत जायच्या आदल्या दिवशी तिनं मला समोर बसवून अटी घातल्या. गोष्टी सांगत बसायचं नाही. कुणाचे गाल ओढायचे नाहीत. ‘आमच्या वेळी’ म्हणायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी माझी हनुवटी धरून म्हणाली, “आणि काही बिघडवू नकोस हं. तू बिघडवलंस तर मी ‘जिच्या आजीनं बिघडवलं ती’ होईन. मग सगळ्यांना दिसेन.” धाकटे, आपल्या सासवा आठव. माझी, तुझी, दोघी मिळून. त्यांनाही मी इतकी कधी भ्यायले नव्हते.

आता वर्ग कसा असतो ते ऐक, म्हणजे तुला ठाऊक असेल, पण मी पाहिलेला तुला ठाऊक नाही. खुर्च्या अशा की मांजरानं बसावं. दप्तरं अडकवायच्या खुंट्या माझ्या गुडघ्याशी, हात धुवायची मोरी त्याहून थोडी वर, आरसा असा की मला त्यात माझं पोट तेवढं दिसलं. एका कोपऱ्यात सतरंजी. तिथे बसताना बूट काढायचे म्हणून भिंतीला बुटांची रांग, आणि त्यातला एकही बूट दुसऱ्या बुटाकडे तोंड करून नव्हता. आणि सगळीकडे अक्षरं! भिंतीवर अक्षरं, कपाटावर, दारावर, खिडकीवर. रंगीत, जाड, बारीक. त्या एवढ्याएवढ्या जिवांना ती सगळी कळतात. चालता चालता वाचतात, पायसुद्धा थांबवत नाहीत! मी उभ्या उभ्या थक्क झाले. (सूनबाई, ‘थक्क’ जरा मोठ्या अक्षरात काढ.) एक मुलगा माझ्यापुढे पुस्तक घेऊन आला की हे वाच. त्याचा आवाज असा की त्याला मी मनातल्या मनात नगारा नाव दिलं. मी म्हटलं, बाळा, मला नाही येत वाचता. तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाला, “पहिल्या वर्षी कुणालाच येत नाही.” आणि गेला. असं दिलासा देणारं मला उभ्या आयुष्यात कुणी भेटलं नव्हतं, डॉक्टर धरून.

आता बिघाड. तो झाला, आणि तो मीच केला.

बाईंनी मोज्यांची टोपली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, मुलं मैदानावरून येईपर्यंत तुम्ही शेजारच्या खोलीत जरा तयारी करून ठेवा. (गोड बाई आहेत. वयानं आपल्या धाकट्या भाचीएवढ्या, डोळ्यांखाली थकवा मात्र माझ्याएवढा.) मी टोपली उघडली तर काय, प्रत्येक मोज्याला एक टाचणी आणि टाचणीला एक चिठ्ठी! मी म्हटलं, बघा, आईबापांना घाई किती. लाँड्रीतून आलेला मोजा तसाच उचलून दिला, चिठ्ठी काढायचे कष्ट नाहीत, आणि टाचणी लहान मुलाच्या बोटात गेली म्हणजे? तेव्हा मी एकूण एक टाचणी काढून डबीत बंद केली. चिठ्ठ्या छान कडक पुठ्ठ्याच्या होत्या, त्या टाकवेनात. घरून निघताना सूनबाईनं बाहुल्यांसाठी बटणं, लोकर, चिंध्या सगळं दिलं होतं, पण दात द्यायला ती विसरली होती. (दिवसभर दातांत असते ना!) मी बसले आणि कात्रीनं चिठ्ठ्यांचे टोकदार, पांढरेशुभ्र दात कापले. वाटीभर झाले. स्वतःवरच खूश झाले. मग मोजे झटकून, उलटेसुलटे करून, एकसारखे दिसावेत म्हणून एकावर एक रचून ठेवले.

बाई आत आल्या. मोज्यांकडे पाहिलं. मग टोपलीत पाहिलं, टोपलीखाली पाहिलं.

“आजी, नावाच्या चिठ्ठ्या होत्या ना?”

मी वाटी पुढे केली.

धाकटे, त्या बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वाटीतला एक दात उचलला, त्यावर कुणाच्या तरी नावाची शेपटी होती, ती पाहिली आणि हळूच परत ठेवला. मी त्यांना म्हटलं, मला वाटलं लाँड्रीच्या. त्या म्हणाल्या, हो, वाटू शकतं. इतक्या सभ्यपणे म्हणाल्या की मला त्या मांजराच्या खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. आम्ही मोजे उचलून वर्गात नेले आणि तेवढ्यात मुलं आली.

पुढचं मी थोडक्यात सांगते. (सूनबाई म्हणते, आता तरी. तिनं आपलं काम करावं.) सगळ्यांनी मोज्यांवर झडप घातली. एक लाल पट्ट्यांचा मोजा होता, तो एकदम तिघांचा निघाला. राखाडी मोजे कुणाचेच निघेनात. एका पोरीनं आपल्या तान्ह्या भावाचा अंगठ्याएवढा मोजा आणला होता, तो दुसऱ्याच्या हातात पाहून तिनं भोकाड पसरलं. लहान मुलांचं रडणं जांभईसारखं असतं, एकानं काढलं की बाजूच्याला येतंच. एकीनं मला बोट दाखवून विचारलं, “ही कुणाची आजी आहे?” आणि सगळ्या माना मुंगीकडे वळल्या. तिला दिसायचं नव्हतं, आणि आता ती सगळ्यांना दिसत होती. ती जागेवर बसली होती, दोन्ही हात मांडीखाली घालून, कानाच्या पाळ्या लाल. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मला वाटलं, संपलं. आता ही घरीसुद्धा माझ्याशी बोलायची नाही.

मग ती उठली. हळूच. ढिगाऱ्याशी आली आणि एक राखाडी मोजा उचलला. तो उलटा केला, टाच बघितली आणि सरळ एका मुलापुढे नेऊन ठेवला. दुसरा उचलला, तो खिडकीजवळच्या मुलीपुढे. तिसरा उचलून जरा थांबली, वास घेतला (मी डोळे मिटले) आणि तोही नेऊन दिला. तोंडातून शब्द नाही. ज्याला मोजा मिळत होता तो बघत होता आणि गप्प होत होता, कारण तो त्याचाच होता. रडणं एकेक करून बंद पडत गेलं.

राहिला लाल पट्ट्यांचा. तो नगाऱ्यानं छातीशी धरला होता. मुंगी त्याच्यापुढे उभी राहिली, हात पुढे केला. तो म्हणाला, माझा आहे. आणि धाकटे, शाळेत आल्यापासून पहिल्यांदा आमच्या मुंगीनं तोंड उघडलं. काय बोलली असेल? नमस्कार? आपलं नाव? म्हणाली, “खोटं!”

आणि असं म्हणाली की खिडकीवरचं कबूतर उडालं. “तुझा तपकिरी आहे. उजव्या पायाचा. अंगठ्याला भोक आहे, कारण तू बसलास की अंगठा हलवतोस. हा लाल तिचा आहे. ती दोन दिवस लागोपाठ घालते आणि दुसऱ्या दिवशी उलटा घालते.” जिचा होता तिनं लाजून मान डोलावली. नगाऱ्यानं आपला अंगठा हलवून बघितला, मग मोजा देऊन टाकला. “हो रे,” तो स्वतःशीच म्हणाला, “हलतो.”

बाईंनी तोंडावर हात ठेवला होता. मी विचारलं, अगं, तुला कसं ठाऊक? तर ती मला म्हणाली, जणू मीच वेडी, “आजी, मी सतरंजीवर खालीच बघत असते ना. मग पायच दिसतात.”

इतके दिवस आम्ही घरात तिच्याकडे बघून सुस्कारे टाकत होतो की पोर मान वर करत नाही. आणि ती तिथे खाली बसून सगळ्या वर्गाशी ओळख करून घेत होती. तळापासून. कोण पाय हलवतो, कुणाच्या मोज्याला रोज नवी गाठ असते, कुणाला एके दिवशी दोन पायांत दोन रंग घालून यावं लागलं, सगळं तिच्याजवळ जमा. मी आजवर देवळं पाहिली, समुद्र पाहिला, तुझ्या लग्नात मेहुण्यांना गप्प बसलेलं पाहिलं. पण असं आश्चर्य पाहिलं नाही.

मुंगीचा स्वतःचा सोडला तर शेवटी एकच मोजा उरला, भलामोठा, काळा, नांगराच्या फाळासारखा. तो पोराचा नव्हताच. मुंगीनं तो दोन्ही हातांनी उचलून एका दाट कुरळ्या केसांच्या मुलीपुढे नेला. त्या मुलीचे वडील बस चालवतात. ती म्हणाली, “माझ्या बाबांचे पाय तुला कसे माहीत?” मुंगी म्हणाली, “ते तुला सोडायला येतात तेव्हा दारात एका पायावर उभे राहतात.” कुरळी म्हणाली, “दुसरा दुखतो. ब्रेकचा पाय.” मुंगी म्हणाली, “मला वाटलंच.” आणि तिथेच, तिच्या शेजारी, बसली. झालं. दोन म्हाताऱ्या बायका जशा एखाद्याच्या दुखण्यावरून जमतात ना, अगदी तशा जमल्या.

पुढे बाहुल्या झाल्या. माझ्या डब्यात पिठाची खळ होती, तिनं सगळं चिकटलं, त्यात माझा चष्माही. आणि त्या पोरांचे हात! आपण काही करायला बसलो की आधी ठरवतो काय करायचं. ती ठरवत नाहीत. बोटं पुढे जातात आणि ती मागून बघतात की काय झालं. नगाऱ्यानं आपल्या मोज्याला एक डोळा पाठीमागे लावला. मी म्हटलं, तिथे कशाला? तर म्हणाला, मागचं दिसायला. मी इतकी वर्षं संसार केला, मागे काय चाललंय या धास्तीत केला, पण मागे डोळा लावावा हे मला सुचलं नाही. एकीनं बाहुलीला तोंडच ठेवलं नाही, टाचेत घालून शिवून टाकलं. मला वाटलं चुकलं. म्हणाली, ही ऐकणारी आहे. (मेहुण्यांना एक पाठवू का?) तान्ह्या भावाच्या मोज्याची बाहुली एका बोटावर बसली, आणि तिला त्या पोरीनं माझे सगळ्यात मोठे दात लावले, कारण भावाला अजून आले नाहीत. कुरळीनं आणि मुंगीनं मिळून तो काळा मोजा केला, दोघींचा एकेक हात आत, त्यामुळे तो दोन तोंडांनी बोलत होता आणि दोन्ही तोंडं एकमेकांना थांबवत होती. मुंगीचा स्वतःचा मोजा तसाच राहिला. तिला आठवणही झाली नाही.

तास संपला तेव्हा मी त्या खुर्चीतून उठायला गेले तर खुर्ची माझ्याबरोबर उठली. चार पोरांनी खुर्ची धरली, बाकीच्यांनी मला, नगाऱ्यानं हुकूम दिला आणि मी सुटले. बाईंनी निघताना माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, तुम्ही चिठ्ठ्या काढल्यात म्हणून… मी पटकन हात सोडवून घेतले, नाहीतर आम्ही दोघी तिथे पोरांसारख्या सुरू झालो असतो.

घरी येताना मुंगी माझं बोट धरून चालत होती. मी विचारलं, बिघडवलं का गं मी? तिनं विचार केला. “हो,” म्हणाली, “पण नीट बिघडवलंस.”

असं झालं. तुझ्या गुडघ्याला जप, जिन्याचा कठडा धर, आणि पत्राचं उत्तर मोठं लिही. सूनबाई वाचून दाखवताना मला ओळी बघायच्या असतात.

तुझी,
थोरली

ता. क. बाईंनी मला पुन्हा बोलावलं आहे. तुमच्या घरातले एकेकटे उरलेले मोजे असतील तर पाठव. धुऊन. मेहुण्यांचे असतील तर दोनदा धुऊन.

आणखी ता. क. परवा बाईंचा निरोप आला की मुंगी वर्गात फार बोलते, कुरळीशेजारून उठवली तरी लांबून बोलते, जरा समजावा. सूनबाईला काळजी वाटते. मी निरोप तिच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतला, नुसता ऐकायला बरा वाटतो म्हणून.

अजून एक. कुरळीचं घर समोरच्याच गल्लीत निघालं. मुंगी शाळेतून येते, पेलाभर पाणी पिते आणि तिकडे पळते. चांगलंच आहे. हेच हवं होतं. मी तिला दारातून जाताना बघते, मागं वळूनसुद्धा बघत नाही, इतकी खुशीत असते. फक्त दुपारी घर अगदी गप्प असतं. या गावात मी कुणाला ओळखत नाही, आणि मला कुणाचे पायसुद्धा ठाऊक नाहीत. तुला सवड असेल तर चार दिवस ये. नसेल तर राहू दे. मी काही बोलावत नाही.

मावशी, नमस्कार. हे मी माझ्या मनानं लिहिते आहे, सासूबाई आत गेल्या आहेत. वरचा तिसरा ता. क. त्यांनी सांगितला आणि लगेच खोडायला लावला. मी खोडला म्हणाले. दाखव म्हणाल्या, तेव्हा दुसऱ्याच खोडलेल्या ओळी दाखवल्या. पत्रात माझ्याबद्दल बरंच होतं, त्यातल्या चार ओळी गेल्यानं काही अडलं नाही. लांबी बघून त्यांचं समाधान झालं. तुमची खोली तयार आहे. गाडी कधीची ते कळवा, मी घ्यायला येईन. आणि आल्यावर त्यांना सांगा की सहज आलात.